पागेतली पत्रं : आडव्या चाली

मागच्या अंकात ड्रेसाजचा, म्हणजे स्वाराच्या बारीक इशाऱ्यांवर घोड्यानं आखीव चाली करून दाखवण्याच्या प्रकाराचा, विषय निघाला आणि या वेळी जवळजवळ सगळी पत्रं आडव्या चालींवर आली. घोडा तोंड समोर ठेवून तिरका, बाजूला पाय टाकत जातो, त्या या चाली. लिहिणाऱ्यांत हौशी स्वार आहेत, एक गाडीवाला आहे, लग्नातल्या घोडीचा एक मालकही आहे. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी जयपूरच्या ६१ कॅव्हलरीत दफेदार होतो. संस्थानांची घोडदळं एकत्र करून १९५३ साली ही रेजिमेंट उभी राहिली. राजपूत, कायमखानी आणि मराठे अशी तिची भरती, म्हणून आमच्या शिवारातला पोरगा तिथं खोगिरावर बसू शकला. आता बेळगावच्या पश्चिमेला गावी असतो. पत्रं लांबलचक होती, ती छाटलीत. नावं घालत नाही, गाव पुरे.

प्रश्न : दफेदार काका, गेल्या वर्षी अकलूजच्या बाजारातून मारवाडी घोडा आणला. विकणारा म्हणाला चार वर्षांचा आहे. डावी टाच लावली की बाजूला सरकायचं सोडून हा पुढंच सुटतो. सुरुवात कुठून करू? (निपाणी)

आधी त्याचं तोंड उघडून दात बघा. बाजारात उभा असलेला प्रत्येक घोडा चारच वर्षांचा असतो! समोरचे मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडून पक्के येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला आणि कोपऱ्यातले साडेचारला. घोडा आणून वर्ष होत आलं, म्हणजे कोपऱ्यातले पक्के दात आता आलेले किंवा येत असलेले दिसले पाहिजेत. अजून दुधाचेच घट्ट बसलेले असतील तर तुमच्या पदरात तीन वर्षांचं पोर बांधलं होतं असं समजा. हे विचारतोय कारण घोड्याच्या अंगात सगळ्यात शेवटी पुरी होते ती पाठीच्या मणक्यांची वाढ. त्याला साडेपाच वर्षं सहज लागतात. तोवर आडवी चाल फक्त साध्या चालीत करायची, दुडकीत नाही, आणि तीही थोडी.

टाचेला पुढं सुटतो यात त्याची काही चूक नाही. टाच म्हणजे पळ, एवढंच त्याला आजवर शिकवलंय. खाली उतरा. खोगीर आणि तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) काढून हात फिरवा, तंगाखाली चोळवटलंय का, पाठीला कुठं दुखरं आहे का बघा. दुखत असेल तर पुढचं काही वाचू नका, खोगीर बदला.

सगळं ठीक असेल तर डाव्या बाजूला उभे राहा, डाव्या हातानं डोकं किंचित स्वतःकडं घ्या आणि तंगाच्या मागं, जिथं स्वारीत तुमची टाच येते तिथं, उजव्या हाताच्या अंगठ्यानं दाबा. तो शेपूट मारेल, कान मागं टाकेल आणि बहुतेक तुमच्या अंगावरच रेलेल. एकसारख्या दाबाला घोडा उलट रेलतो, हा त्याचा स्वभाव आहे. तो रेलला की तुम्ही ढकलत बसू नका, चार मणांच्या... छे, त्याहून कितीतरी जड जनावराशी ताकदीनं कोण जिंकणार? ढकलायच्या ऐवजी बोटांनी टकटक करा. डावा मागचा पाय उचलून उजव्याच्या पुढून एक पाऊल पडलं की त्याच क्षणी हात काढा. मानेवर थाप, उसाचं एक कांडं. त्याला सगळा अर्थ दाब सुटतो त्या क्षणी कळतो. तो क्षण तुम्ही चुकवलात तर त्याला वाटतं की पाऊल टाकूनही काही मिळालं नाही.

खालून दोन्ही बाजूंना हे जमलं की वर बसा आणि मळ्याच्या फाटकाशी जा. घोड्यावरून न उतरता फाटक उघडायचं आणि लावायचं. त्यासाठी पुठ्ठा, म्हणजे घोड्याचा मागचा भाग, पुढच्या पायांभोवती फिरवावाच लागतो. घोड्याला हे का करायचं ते समोर दिसतं, म्हणून मोकळ्या मैदानापेक्षा तो इथं लवकर शिकतो. फक्त पुढचे पाय जमिनीत रुतवून गरगर फिरू देऊ नका. तेही ताटाएवढ्या जागेत उचलत राहिले पाहिजेत. दोन-तीन पावलं झाली की लगेच सरळ पुढं चालवा.

प्रश्न : काका, मी पुण्यात कॉलेजला असताना रायडिंग शिकले. आता घरी आमच्या शेतात घोडीला लेग-यील्ड, म्हणजे पायाच्या दाबानं तिरकं बाजूला नेणं, करायला बघते. उजवीकडं न्यायचं म्हटलं की तिचा खांदा आधी पळतो, पुठ्ठा मागं राहतो. डावी टाच कितीही लावली तरी तेच. (टिळकवाडी, बेळगाव)

बाळ, टाच कमी पडत नाही, डावा हात जास्त होतोय. तू लिहिलं नाहीस तरी सांगतो, तुझा डावा हात मांडीकडं ओढला जातोय आणि घोडीची मान डावीकडं चांगलीच वळलीय. मान डावीकडं गेली की सगळं वजन उजव्या खांद्यावर पडतं आणि घोडी त्या खांद्यातून बाहेर गळते. मग तू टाच मारतेस, ती आणखी गळते.

लेग-यील्डमध्ये घोडी डोक्यापासून शेपटीपर्यंत सरळ हवी. फक्त कानांच्या मागं, मानेच्या वरच्या टोकाला, एवढासा कल डावीकडं. वर बसून तुला तिच्या डाव्या डोळ्याची पापणी दिसली म्हणजे झालं, अख्खा गाल दिसला की जास्त झालं. उजवी वादी, म्हणजे लगामाचा उजवा पट्टा, आखूड धर आणि तिला जागा दे. उजवीकडं किती आणि किती वेगानं जायचं हे उजवी वादी ठरवते. दोन पावलं आडवी, मग उजवी मूठ आवळून खांदा थांबव, तीन-चार पावलं सरळ पुढं, पुन्हा दोन पावलं आडवी. जिना उतरावा तसं. सलग तिरकं जायचा हट्ट सध्या सोड.

सुरुवात मधल्या रेषेवरून करू नकोस. कुंपणापासून पाच मीटर आतल्या रेषेवरून कुंपणाकडं ये. घोड्याला कुंपणाकडं ओढ असतेच, ती फुकटात वापरायची. तुमच्याकडं ऊस उभा असेल तर त्याची कडाही कुंपणाचं काम करते, पण वाऱ्यात पाचट वाजायला लागलं की घोडी बुजते, तेव्हा सकाळी वारा पडलेला असताना कर.

आता खरी गोष्ट, टाच कधी लावायची. हे पुस्तकातनं येत नाही, बुडाखाली कळावं लागतं. लगाम सैल सोडून नुसती चाल चालव आणि पाय लोंबते ठेव. तिचं पोट डावी-उजवीकडं झुलताना जाणवेल. पोट उजवीकडं गेलं की तुझा डावा पाय आपोआप तिच्या अंगाकडं पडतो. नेमक्या त्याच वेळी तिचा डावा मागचा पाय हवेत असतो, पुढं येत असतो. टाच तेव्हा लावायची. हवेतल्या पायाला ‘इथं नको, तिकडं पड’ असं सांगता येतं. जमिनीवर टेकून वजन घेतलेला पाय तू कितीही मारलीस तरी हलणार नाही, कारण त्याच्यावरच ती उभी आहे. कुणाला तरी बाजूनं चालायला सांग आणि डोळे मिटून ‘डावा, डावा’ असं म्हण. बघणाऱ्यानं सांगायचं बरोबर की चूक. रेजिमेंटमध्ये नव्या सवारांना हा खेळ लावला की पहिल्यांदा सगळे चुकतात, मग एकेकाचं तोंड उजळतं.

आणखी एक. घोडी उजवीकडं जावी म्हणून जोर लावताना तू डावीकडं कलत असशील, डावी टाच वर येत असेल. बहुतेक सगळ्यांचं तेच होतं. तुझं बूड डावीकडं घसरलं की तू तिला पायानं उजवीकडं आणि वजनानं डावीकडं बोलावतेस. तिनं कुणाचं ऐकायचं? समोर उजवीकडं एखादा विजेचा खांब धर आणि त्याच्याकडं बघत जा. नजर गेली की खांदे जातात.

प्रश्न : आशियाई स्पर्धेत आपल्याला ड्रेसाजमध्ये सुवर्ण मिळालं. मग आपले देशी घोडे तिथपर्यंत जातील का? (शहापूर)

ते सुवर्ण हांगझोऊला, २६ सप्टेंबर २०२३ रोजी, सांघिक प्रकारात. सुदीप्ती हाजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला. घोडेस्वारीत भारताला सुवर्ण मिळालं ते १९८२ च्या दिल्लीच्या स्पर्धेनंतर थेट तेव्हा. अनुषनं वैयक्तिक कांस्यही घेतलं आणि पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजला उतरणारा तो पहिला भारतीय झाला. घोडे मात्र सगळे युरोपातल्या वॉर्मब्लड जातीचे. ती जनावरं पिढ्यान्‌पिढ्या दुडकीत हवेत तरंगावं म्हणूनच निपजवली आहेत. मारवाडी, काठेवाडी घोडा तिथं गुणांत मागं पडेल, खोटं कशाला सांगू? पण शोल्डर-इन, ट्रॅव्हर्स आणि नीटनेटका हाफ-पास या आडव्या चाली (त्या काय ते पुढच्या उत्तरांत येईल) कुठलाही निरोगी घोडा करू शकतो. आमच्याकडची साडेचौदा हाताची (घोडा मोजायचा हात चार इंचांचा) काठेवाडी घोडी करते, आणि ती फार तर डोंगर चढायला घेतली होती.

प्रश्न : शोल्डर-इन वाचून समजत नाही. कुणी म्हणतं पाय तीन रेषांत पडले पाहिजेत, कुणी म्हणतं चार. लेग-यील्डपेक्षा ते वेगळं कसं? आणि आपलं बरोबर चाललंय हे एकट्यानं कसं ओळखायचं? आमच्याकडं बघायला कुणी नाही. (खानापूर तालुका)

या अंकातलं हे सगळ्यात चांगलं पत्र, म्हणून जास्त जागा घेतो.

घोड्याला वर्तुळावर फिरवून त्याचा आतला मागचा पाय पोटाखाली आणायचा, हे फार जुनं आहे. आपल्याकडचे चाबुकस्वार घोड्याला कावे देत, म्हणजे गोल फेरे मारायला लावत, ते त्यासाठीच. युरोपात सतराव्या शतकात न्यूकॅसलचा ड्यूक म्हणून एक इंग्रज सरदार होऊन गेला, त्यानं वर्तुळावरच्या या कामाबद्दल सविस्तर लिहून ठेवलं. पुढच्या शतकात पॅरिसच्या गेरिनिए नावाच्या उस्तादानं तेच काम वर्तुळातून काढून भिंतीलगतच्या सरळ रेषेवर आणलं. ते शोल्डर-इन. आज ड्रेसाजमधल्या सगळ्या आडव्या चाली त्याच्यावर उभ्या आहेत.

लेग-यील्डमध्ये घोडा सरळ असतो आणि पुढचे-मागचे सगळेच पाय एकमेकांवरून जातात. शोल्डर-इनमध्ये घोडा तुमच्या आतल्या पायाभोवती वाकलेला असतो. मागचे पाय कुंपणालगत सरळ चालत राहतात, फक्त पुढचा भाग आत येतो, साधारण ३० अंश. एवढा आत की बाहेरचा पुढचा पाय बरोबर आतल्या मागच्या पायासमोर यावा. म्हणून समोरून बघणाऱ्याला तीन रेषा दिसतात. कुंपणाजवळ बाहेरचा मागचा पाय, मधल्या रेषेत बाहेरचा पुढचा आणि आतला मागचा, आणि सगळ्यात आत आतला पुढचा. काही जुने उस्ताद कोन वाढवून चार रेषांत करून घेतात. स्पर्धेत तीन मागतात, आणि शिकताना तीनही खूप झाल्या.

यातून मिळतं काय? आतला मागचा पाय पोटाखाली येऊन वजन घेतो आणि वजन घेताना कंबर, गुडघा, मागचा सांधा वाकवतो. जितकं मागचं अंग वाकेल तितका खांदा हलका. घोडा बाजूला जातोय हे दिसतं, पण खरं काम तो पुढं जाताना होतं. शोल्डर-इन करता करता चाल मंद झाली, घोडा रखडायला लागला, तर ताबडतोब सोडून सरळ दुडकीत काढा. आडव्या चालीत पुढं जायची ओढ गेली की राहिलं ते नुसतं पायांचं ओझं. या पानावरच्या सगळ्या पत्रांना मला हेच सांगायचंय.

करायचं असं. सुगी झाली की भाताचं एक खाचर निवडा, बांध नसलेला सपाट तुकडा. २० मीटर बाय ४० मीटर मोजून पांढऱ्या फक्कीनं आखून घ्या, क्रिकेटवाल्या पोरांकडं फक्की असतेच. भातकापणीनंतर जमीन टणक होते, भेगा पडतात, तेव्हा वरचा थर नांगरटीनं मोकळा करून ढेकळं फोडून घ्या, नाहीतर घोट्याला इजा होईल. लांब बाजूच्या सुरुवातीच्या कोपऱ्यात १० मीटरचं एक वर्तुळ काढा. वर्तुळ पुरं करून कुंपणाला आलात की दुसरं वर्तुळ सुरू करताय असं घोड्याला वाटू द्या. पहिलं पाऊल आत पडलं, खांदे रेषेच्या आत आले, की बाहेरची मूठ एकदा आवळून सोडा आणि आतली पोटरी तंगापाशी लावून त्याला कुंपणाच्या दिशेनं न्या. वाक वर्तुळाचाच राहतो, दिशा बदलते. बाहेरचा पाय किंचित मागं, पुठ्ठा बाहेर फेकला जाऊ नये म्हणून पहाऱ्याला. आतली वादी हलकी, कधी कधी सैल सोडून बघायची. सोडल्यावर घोडा तसाच राहिला तर वाक खरा. पाच-सहा पावलं मिळाली की सरळ त्या दुसऱ्या वर्तुळात निघून जा. ती सुटका त्याला आवडते, आणि पुढच्या खेपेला तो स्वतःच खांदा आत आणायची तयारी ठेवतो.

आता एकट्यानं तपासायचं कसं. तुमच्या भागात लाल माती आहे, तिच्यासारखा परीक्षक नाही. सकाळी दव असताना कुंपणालगतची दीड-दोन मीटरची पट्टी दाताळ्यानं हलकी ओढून घ्या. त्या पट्टीवरून एकदाच शोल्डर-इन करा, घोडा बांधा आणि उकिडवे बसून ठसे वाचा. पुढच्या खुराचा ठसा गोल आणि रुंद असतो, मागच्याचा अरुंद, पुढं टोकाला निमुळता. नाल असेल तर आणखी स्वच्छ उमटतो. मधल्या रेषेत गोल आणि निमुळते ठसे एकाच ओळीत पडलेले दिसले तर शाब्बास. दोनच रेषा असतील तर तुम्ही फक्त मान वळवलीत, अंग सरळच चाललं होतं. ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि वर बसलेल्याला ती कळत नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोर वळलेली मान असते.

मागच्या ठशांची टोकं कुठं बघतायत तेही पाहा. ती कुंपणालगत सरळ पुढं रोखलेली हवीत. तिरकी असतील आणि मागचे ठसे एकमेकांवरून गेलेले असतील तर तुम्ही खांदा आत आणला नाहीत, पुठ्ठा बाहेर ढकललात. ते लेग-यील्ड झालं. उपाय टाचेचा नाही. कोन कमी करा आणि पुन्हा वर्तुळातून या.

एक बाजू सोपी जाईल, दुसरी लाकडासारखी. सगळ्या घोड्यांचं तेच. अवघड बाजूला जास्त वेळ रेटू नका. सोप्या बाजूनं सुरू करा, अवघड बाजूला थोडं मागा, पुन्हा सोप्या बाजूवर संपवा. एकूण वीस मिनिटं, त्यात मोकळी चाल धरून.

प्रश्न : माझा घोडा गाडीचा आहे, कुणाला बसू देत नाही. त्याला हे शिकवून उपयोग काय? आणि ‘थांब’ म्हटलं तर थांबत नाही. (चिकोडी तालुका)

उपयोग आहे. छकड्याचा घोडा कायम सरळ ओढतो, त्याचे खांदे घट्ट होतात आणि वळणावर गाडी ताणते. मागं चालत दोन लांब दोर धरून त्याच्याकडून वळणं, बाजूची पावलं करून घेता येतात, वर बसायची गरज नाही. दोर पोटाखाली अडकणार नाहीत अशा उंचीवर कड्यांतून ओवा, आणि त्याच्या लाथेच्या टप्प्याबाहेर चाला.

थांबण्याचं म्हणाल तर तो घोडा कुठून घेतलात ते तुम्हीच पत्रात लिहिलंय, अथणीच्या पलीकडून. त्याला कानडीत ‘निल्ल’, म्हणजे थांब, म्हणून बघा. आणि हळू करायचं तर ‘निधान’. सीमेवरच्या जनावराला दोन्ही भाषा हळूहळू येतात, पण आईची आधी.

प्रश्न : दफेदार, आमची घोडी लग्नाच्या वरातीत नाचते. हलगी वाजली की दोन्ही बाजूंना आडवी जाते, पुढचे पाय उचलून धरते. एक पाहुणे म्हणाले हे ड्रेसाजच आहे, स्पर्धेत घाला. घालू का? (रायबाग तालुका)

मामा, घोडी देखणी असणार यात शंका नाही. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत अशा घोड्या मीही बघितल्यात, माणसं खांद्यावर पोरं घेऊन बघत उभी असतात. पण हे ड्रेसाज नाही, आणि पाहुण्यांना दोष देत नाही, लांबून तसंच दिसतं.

घोडी नाचत असताना तिच्या पाठीकडं बघा. डोकं वर, मान आखडलेली, पाठ खोलगट, मागचे पाय पोटाखाली न येता मागं राहिलेले, तोंडाला फेस. हाफ-पासमध्ये याच्या उलट असतं. घोडा ज्या बाजूला जातो त्याच बाजूला वाकलेला असतो, खांदा पुठ्ठ्याच्या जरासा पुढं, पाठ भरलेली, आणि प्रत्येक पावलाला तो बाजूला जाता जाता पुढंही जातो. तुमची घोडी फक्त बाजूला जाते, कारण पुढं जायची वाट लगामानं बंद केलेली असते आणि नडग्यांवर काठी लागेल ही भीती तिला माहीत असते. ती हलगीवर नाचत नाही. हलगी वाजली की पुढं काय होतं ते तिला आठवतं.

तिच्या तोंडातलं लोखंड काढून हातात घ्या आणि अंगठा फिरवा. काटे किंवा खिळे लागले तर ते तसंच भंगारात टाका. १९६५ च्या केंद्राच्या नियमांनी काटेरी लगामाला बंदी आहे, तरी बाजारात ते उघड टांगलेलं असतं. मध्ये सांधा असलेला, गुळगुळीत, जाड स्नॅफल आणा. तोंडात जखमा असतील तर त्या भरेपर्यंत काहीच घालू नका, फक्त म्होरकी.

नंतर तिला मोकळ्या रस्त्यानं, सैल लगामावर, नुसतं चालवा. पहिल्यांदा ती तोंड वर टाकेल, थुईथुई करेल, कारण तिला सरळ चालायला कुणी सांगितलंच नाही. मान खाली सोडून, फुरफुरत ती स्वतःहून लांब पावलं टाकायला लागली की मग वर खानापूरच्या वाचकाला सांगितलंय तिथून सुरू करा. शोल्डर-इन दोन्ही बाजूंना आलं की ट्रॅव्हर्स, म्हणजे खांदा कुंपणावर आणि पुठ्ठा आत. तेच ट्रॅव्हर्स कुंपण सोडून कर्णरेषेवर केलं की हाफ-पास तयार होतो. अशा घोडीला वेळ लागतो, नव्या कोऱ्या घोड्यापेक्षा जास्त. वरातीचे पैसे बुडतील हे मला कळतं. लग्नसराईत तिला नवरदेव घेऊन नुसतं ऐटीत चालवा, सुपारी त्याचीही मिळते.

प्रश्न : पावसाळ्यात सराव कसा ठेवायचा? आमच्याकडं चार महिने शिवारात पाय टाकता येत नाही. (येळ्ळूर)

काळ्या मातीत मुळीच नको. खुरात चिखलाचे गोळे बसतात, आडवं पाऊल टाकताना घोडा घसरतो आणि एका पायाची नाल दुसऱ्या पायाच्या घोट्याला लागते. जांभ्या दगडाची फरशी असेल तर तीही ओली असताना नको. पाऊस उघडला की मुरमाच्या रस्त्यावर चाल, आणि गोठ्याच्या सोप्यात कोरड्या जागी खालूनच एकेक पाऊल बाजूला, पहिल्या उत्तरात सांगितलंय तसं. तेवढ्यावर घोडा काही विसरत नाही. सराव असो नसो, मागच्या पायांना जाड पट्ट्या बांधायची सवय ठेवा, पण ओल्या पट्ट्या पायावर राहू देऊ नका. आणि खुरं रोज कोरून काढा. तळव्याच्या मधल्या मऊ त्रिकोणी भागाला कुजका वास यायला लागला, काळं पाणी सुटलं, तर नालबंदाला आणि पशुवैद्याला बोलवा. तोवर आडवी चाल बंद.